डीएनए हाच वाहक: प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

५ जानेवारी
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिन प्रदर्शनासाठी विषय ठरला: आनुवंशिक माहिती प्रथिनात नसून डीएनएत असते, हे १९४४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी ज्या तर्काने दाखवले, तोच तर्क कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताने करून बघायचा. नुसते तक्ते लावायचे नाहीत.

त्यांचा जिवाणू न्यूमोकॉकस. न्यूमोनियाचा जंतू आपल्या प्रयोगशाळेत आणण्याचा प्रश्नच नाही. त्याऐवजी बॅसिलस सबटिलिसचा १६८ हा स्ट्रेन घेतला. मातीतला, निरुपद्रवी, आणि बाहेरचा डीएनए स्वतःहून आत ओढणारा. त्याच्या टीआरपीसी जनुकातली डीएनएची तीन अक्षरे (बेस) गळालेली आहेत, त्यामुळे त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवता येत नाही. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर तो उपाशी राहतो. याच जातीच्या धडधाकट स्ट्रेनचा डीएनए त्याला दिला आणि तो त्या प्लेटवर वाढला, तर गुण बदलला असे म्हणता येईल.

तीन अक्षरे गळालेली असणे फार सोयीचे. एखादे अक्षर नुसते बदललेले असते, तर ते कधीमधी आपोआप पूर्ववत होते आणि प्लेटवर फसव्या वसाहती येतात. गळालेला तुकडा आपोआप परत येत नाही. नुसत्या पेशींची प्लेट कोरीच राहिली पाहिजे.

७ जानेवारी
माध्यमे. स्पिझिझेन क्षार, एक लिटरला: अमोनियम सल्फेट २ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १४, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ६, ट्रायसोडियम सायट्रेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२. याच क्रमाने, प्रत्येक क्षार पूर्ण विरघळल्यावर पुढचा घालायचा. घाई केली की तळाशी पांढरा गाळ बसतो. ग्लुकोज वेगळे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) शेवटी ०.५ टक्के होईल असे घालायचे. फॉस्फेटबरोबर उकळले तर द्रावण पिवळे पडते.

निवडीच्या प्लेटमध्ये थोडे केसीन हायड्रोलायसेट (फोडलेले दुधाचे प्रथिन, ०.०२ टक्के) घातले की वसाहती लवकर दिसतात. पण ते आम्लाने फोडलेलेच हवे. आम्लात ट्रिप्टोफॅन नष्ट होते, म्हणून ते चालते. विकराने (एन्झाइमने) फोडलेले केसीन, म्हणजे ट्रिप्टोन, यात ट्रिप्टोफॅन शाबूत असते. दोन्ही डब्यांत तशीच फिकट पिवळी पूड, आणि चुकीचा डबा उचलला तर सगळ्या प्लेटा सारख्याच भरतात. डब्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली.

ग्लुकोजऐवजी गूळ वापरून कोल्हापूरची ओळख दाखवावी, अशी सूचना विद्यार्थ्यांकडून आली. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. साखरेबरोबर खनिजे आणि अमिनो आम्लांचे अंशही त्यात येतात. उपाशी ठेवण्याच्या प्लेटमध्ये तो बसत नाही. वाण्याकडच्या चायनाग्रासचेही तेच. जिवाणूशास्त्राचा धुतलेला अगारच हवा, १.५ टक्के.

१० जानेवारी
दात्या, म्हणजे डीएनए देणाऱ्या धडधाकट, स्ट्रेनचा डीएनए काढला. १०० मिलि न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवलेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवल्या, ५ मिलि सलाइन-ईडीटीएमध्ये (मीठ ०.१५ मोलर, ईडीटीए ०.१ मोलर, पीएच ८) मोकळ्या केल्या. लायसोझाइम (पेशीभित्ती फोडणारे विकर) मिलिला २ मिलिग्रॅम, ३७ अंशांवर ४५ मिनिटे. मग एसडीएस (साबणासारखे द्रव्य) २ टक्के होईपर्यंत, ६० अंशांवर १० मिनिटे. इथे गढूळ द्रावण एकदम निवळते आणि काकवीसारखे दाट होते. ती दाटी म्हणजेच लांब डीएनए. या क्षणापासून पिपेटचे टोक कापून रुंद करायचे आणि हलक्या हाताने काम करायचे.

नंतर सोडियम परक्लोरेट १ मोलर, तेवढ्याच आकारमानाचे क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१), अर्धा तास हळू हलवणे, आणि सेंट्रिफ्यूज. मधल्या थरात साय धरते, ती प्रथिने. वरचे पाणी काढून पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी साय जवळजवळ धरली नाही, तिथे थांबलो. क्लोरोफॉर्मने प्रथिने हटवण्याची ही सेव्हागची युक्ती एव्हरींनीही वापरली होती.

वरून दुप्पट थंड अल्कोहोल अलगद सोडले आणि दोन थरांच्या सीमेवर काचकांडी फिरवली. पांढरे तंतू कांडीला गुंडाळत आले. एव्हरींच्या शोधनिबंधातही हेच वर्णन आहे: अल्कोहोल थेंबथेंब घालताना जवळजवळ एकास एक प्रमाण झाले की तंतू सुटतात आणि ढवळणाऱ्या कांडीभोवती स्वतःच गुंडाळले जातात. त्यांना ७५ लिटर कल्चरमधून १० ते २५ मिलिग्रॅम मिळत असे. ७५ लिटर म्हणजे घरगुती पिंपभर जिवंत न्यूमोकॉकस, आणि त्यासाठी सतत चालणारे सेंट्रिफ्यूज. त्या कामाची जोखीम तक्त्यावर लिहायलाच हवी.

१२ जानेवारी
२६० नॅनोमीटरवरचे शोषण मोजून मात्रा काढली (शोषण १ म्हणजे मिलिला ५० मायक्रोग्रॅम). २६० आणि २८० यांचे गुणोत्तर १.८ च्या आसपास, शुद्ध डीएनएचे असते तसे. डायफेनिलअमाइन चाचणी निळी, म्हणजे डीएनए आहे: १०० मिलि ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात १ ग्रॅम डायफेनिलअमाइन, २.५ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल. नमुन्याच्या दुप्पट द्रावण, उकळत्या पाण्यात १० मिनिटे. बाययुरेट चाचणीत जांभळा रंग नाही, म्हणजे प्रथिन जाणवण्याइतके नाही.

एव्हरींच्याही याच दोन चाचण्या होत्या, निकालही हाच. त्यांनी नायट्रोजन-फॉस्फरस गुणोत्तरही काढले: चार नमुन्यांत १.५८ ते १.७५, तर डीएनएसाठी अपेक्षित १.६९. प्रथिनात फॉस्फरस नगण्य, त्यामुळे भेसळ असती तर हा आकडा वर गेला असता.

१५ जानेवारी
पेशी 'कॉम्पिटंट' (बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार) करण्याचा पहिला प्रयत्न फसला. पद्धत १९६१ ची, अ‍ॅनॅग्नोस्टोपोलोस आणि स्पिझिझेन यांची: पहिल्या माध्यमात (ट्रिप्टोफॅन मिलिला ५० मायक्रोग्रॅम, यीस्ट अर्क ०.१ टक्के) ३७ अंशांवर वाढवायचे, वाढीचा आलेख वाकू लागला की तिथून ९० मिनिटे मोजायची, मग दुसऱ्या, अधिक उपाशी माध्यमात (ट्रिप्टोफॅन ५, शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड २.५ आणि कॅल्शियम क्लोराइड ०.५ मिलिमोलर) दहापट पातळ करून आणखी ९० मिनिटे. आलेख कधी वाकला हे अंदाजाने धरले, तिथेच चुकले. दर २० मिनिटांनी ओडी (द्रावणाचा गढूळपणा) घेऊन लॉग-कागदावर बिंदू मांडण्याला पर्याय नाही. शिवाय पहाटेच्या थंडीत ठेवलेले माध्यम कोमट न करताच वापरले, त्याने पेशी मागे पडल्या.

१९ जानेवारी
दुसरा प्रयत्न. आलेख नीट वाकलेला दिसला. एक मिलि पेशींना १ मायक्रोग्रॅम डीएनए, ३७ अंशांवर अर्धा तास हलवत. मग पेशी क्षारद्रावणाने दोनदा धुतल्या, कारण माध्यमातले उरलेसुरले ट्रिप्टोफॅन प्लेटवर गेले तर सगळीकडे पुसट साय धरते आणि वसाहती मोजता येत नाहीत. १०० मायक्रोलिटर पसरून ३७ अंशांवर ४८ तास.

२१ जानेवारी
पेशी अधिक डीएनए: भरपूर वसाहती. नुसत्या पेशी: शून्य. आणि नुसता डीएनए, ज्यात एकही पेशी घातली नव्हती: अकरा वसाहती.

या एका प्लेटमुळे बाकी सगळे निकाल रद्द धरले. अकरा वसाहती कोरड्या, कडा सुरकुतलेल्या, अगदी सबटिलिससारख्या. बाहेरून आलेली भेसळ वाटत नाही.

२२ जानेवारी
कारण सापडले: बीजाणू. सबटिलिसला उपासमार झाली की तो बीजाणू, म्हणजे जाड कवचातली सुप्त पेशी, करतो. दाता रात्रभर वाढवला होता आणि तोही जुन्या स्लँटवरून (नळीतल्या तिरप्या अगारवर साठवलेल्या वाढीवरून) थेट, म्हणजे बीजाणू सुरुवातीपासूनच होते. लायसोझाइम, एसडीएस, ६० अंश, क्लोरोफॉर्म, अल्कोहोल या सगळ्यांतून ते जिवंत सुटतात. काचकांडीवर गुंडाळलेल्या तंतूंत ते अडकून आले. डीएनएच्या नळीत दाता स्वतःच झोपलेला होता. प्लेटवर अन्न मिळताच तो जागा झाला.

हा प्रश्न नेमका १९२८ चा आहे, म्हणून त्याला वेगळा तक्ता द्यायचे ठरले. लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने उंदरांना जिवंत पण निरुपद्रवी 'आर' न्यूमोकॉकस (कवच गमावलेले, टाइप २ पासून आलेले; टाइप म्हणजे कवचाचा प्रकार) आणि उष्णतेने मारलेले घातक टाइप ३ एकत्र टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत टाइप ३ सापडले. पहिली शंका कुणालाही हीच येणार: मारलेले खरेच मेले होते का? त्यासाठी नुसते मारलेले टाइप ३ टोचलेले उंदीर होते, आणि ते जगले. दुसरी शंका: आर स्वतःच पुन्हा घातक झाला असेल. पण तसा झाला असता तर तो टाइप २ झाला असता, ३ नव्हे. ग्रिफिथच्या कामाचा जीव या दोन उत्तरांत आहे. शाळेच्या पुस्तकात चार उंदरांचे चित्र असते, पण टाइप २ आणि ३ हा भेद बहुधा गाळलेला असतो आणि मग दुसऱ्या शंकेला उत्तरच उरत नाही.

आपली 'नुसता डीएनए' प्लेट म्हणजे ग्रिफिथचा नुसते मारलेले जंतू टोचलेला उंदीर. तीन अक्षरांची गळ म्हणजे त्याचा टाइप २-३ भेद. आपला पहिला उंदीर मेला, म्हणून प्रयोग पुन्हा.

२७ जानेवारी
नवा डीएनए. दाता स्लँटवरून ब्रॉथमध्ये, तिथून एकास पन्नास प्रमाणात ताज्या एलबी या पोषक माध्यमात, पुन्हा तसेच, आणि ओडी ०.८ ला, म्हणजे वाढ जोमात असतानाच, बर्फात काढला. बीजाणू व्हायला वेळच दिला नाही. शेवटी ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून गाळला. गाळताना डीएनए तुटतो, पण हरकत नाही. पेशी तो आत घेताना स्वतःही तोडूनच घेते. १९३२ साली अ‍ॅलोवेने न्यूमोकॉकसचा अर्क गाळून, एकही अखंड पेशी नसताना गुण बदलतो हे दाखवले होते. एव्हरींचे काम त्याच पायावर उभे राहिले.

गाळलेल्या डीएनएचे ५० मायक्रोलिटर न्यूट्रिएंट अगारवर पसरले. दोन दिवस वाट बघितली. कोरी.

३ फेब्रुवारी
विकरांचा पहिला फेरा. डीएनए मिळालेल्या पेशी: १३१ वसाहती. डीएनए तोडणाऱ्या डीएनएज विकराने आधी अर्धा तास पचवलेला डीएनए: ४०.

शून्य यायला हवे होते. अर्धवट घट सगळ्यात वाईट, कारण तिचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येतो: 'डीएनए महत्त्वाचा आहे, पण आणखीही काहीतरी आहे.' १९४० च्या दशकात प्रथिनांच्या बाजूने बोलणाऱ्यांना नेमकी अशीच फट हवी होती.

४ फेब्रुवारी
डीएनएजला काम करायला मॅग्नेशियम लागते. आपला डीएनए सलाइन-सायट्रेटमध्ये विरघळवलेला होता, आणि पहिल्या पायरीतले ईडीटीएही तंतूंबरोबर आले होते. दोन्ही मॅग्नेशियम धरून ठेवतात. विकर नळीत होते, पण हात बांधलेले.

मॅकार्टी आणि एव्हरी यांनी १९४६ मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने वापरली. गुरांच्या स्वादुपिंडातून मॅकार्टीने शुद्ध केलेला डीएनएज मॅग्नेशियमवर चालतो हे कळल्यावर, न्यूमोकॉकसच्या स्वतःच्या विकराने डीएनए खाऊ नये म्हणून त्यांनी काढतानाच सायट्रेट घातले. १९४४ च्या निबंधात शुद्ध डीएनएज नव्हता. तिथे कुत्र्याचे आणि सशाचे ताजे सीरम वापरले होते. त्याने गुण बदलण्याची ताकद नष्ट होई, आणि तेच सीरम ६५ अंशांवर अर्धा तास तापवले की नष्ट होत नसे.

दुरुस्ती: डीएनए अल्कोहोलने पुन्हा पाडला, ७० टक्के अल्कोहोलने दोनदा धुतला, १० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच ७.५) विरघळवला, विकराच्या वेळी मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर.

६ फेब्रुवारी
उरलेली विकरे तपासली. आरएनएज (आरएनए तोडणारे विकर) १०० अंशांवर १० मिनिटे उकळला. तो उकळी सोसतो, त्यात मिसळलेला डीएनएज सोसत नाही. ट्रिप्सिन (प्रथिन फोडणारे विकर) मात्र स्फटिकरूप, शुद्धच हवे. कच्च्या स्वादुपिंड-अर्कात ट्रिप्सिन आणि डीएनएज एकत्र असतात. तो वापरला तर 'प्रथिन फोडले आणि गुण गेला' असा तंतोतंत उलटा निष्कर्ष निघेल. एव्हरींना नॉर्थ्रॉप आणि कुनिट्झ यांची स्फटिकरूप विकरे मिळत होती. रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्याच प्रिन्स्टन विभागात ती तयार होत. ती नसती तर हा पुरावा इतका स्वच्छ झाला नसता, असे आमचे ठाम मत.

१० फेब्रुवारी
पूर्ण फेरा. प्रत्येक नळीत ०.९ मिलि पेशी, ०.१ मिलि डीएनए (मिलिला १० मायक्रोग्रॅम), आधी ३७ अंशांवर अर्धा तास विकराबरोबर ठेवलेला.

नुसत्या पेशी ०. नुसता डीएनए ०. पेशी अधिक डीएनए २१४. आरएनएज १९७. ट्रिप्सिन १८८. डीएनएज ०. मारलेला डीएनएज (१ मिलिमोलर ईडीटीएसह ७५ अंशांवर १० मिनिटे) २०३.

आणखी दोन नळ्या, ज्यांच्यामुळे मन निवांत झाले. एकीत पेशींना डीएनए देऊन अर्ध्या तासाने डीएनएज घातला: १७६. डीएनए तोवर आत गेलेला, विकर बाहेर राहिले. म्हणजे डीएनएज पेशींना मारत नाही. दुसरीत ट्रिप्सिन डीएनएऐवजी थेट पेशींना दिले आणि मग साधा डीएनए: १६२. थोडी घट आहे. पेशीच्या पृष्ठभागावरची डीएनए पकडणारी यंत्रणा प्रथिनांचीच असल्याने ती अपेक्षित.

वाढलेल्या वसाहतींपैकी दहा पुन्हा ट्रिप्टोफॅन नसलेल्या ताज्या प्लेटवर रेघाटल्या. दहाही वाढल्या, पुढच्या पिढीतही. गुण पुढे गेला, म्हणजे तो नुसता पोटात घेतलेल्या अन्नाचा परिणाम नव्हता.

१४ फेब्रुवारी
'आक्षेप' हा तक्ता. रॉकफेलरमधल्याच आल्फ्रेड मिर्स्की यांचे म्हणणे होते की एव्हरींच्या डीएनएत एखाद-दोन टक्के प्रथिन राहिले असेल आणि गुण तेच बदलत असेल. प्रदर्शनात हा आक्षेप हट्ट म्हणून दाखवायचा नाही. आकडेमोड करून बघू: एव्हरींचा नमुना ०.००३ मायक्रोग्रॅमलाही काम करत होता. त्याचा एक टक्का म्हणजे ३० पिकोग्रॅम. प्रथिनाचा रेणूभार ५०,००० धरला तर त्यात सुमारे ३६ कोटी रेणू बसतात. ३६ कोटी रेणू दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. त्यांना उत्तर विकरांनी दिले, आणि नंतर रोलिन हॉचकिस यांनी १९४९ पर्यंत प्रथिन ०.०२ टक्क्यापर्यंत खाली आणून.

शेजारी शारगाफ: १९५० पर्यंत त्याने दाखवले की चार बेसचे प्रमाण जातीगणिक बदलते, पण अ‍ॅडेनीन-थायमीन आणि ग्वानीन-सायटोसीन जोडीने सारखे राहतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांची कंटाळवाणी पुनरावृत्ती, ही लीव्हीनची जुनी समजूत तिथे संपली.

१८ फेब्रुवारी
हर्षी-चेसचा तक्ता, १९५२, कोल्ड स्प्रिंग हार्बर. टी२ फेजच्या (जिवाणूंत वाढणाऱ्या विषाणूच्या) डीएनएत किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२, प्रथिनात किरणोत्सर्गी सल्फर-३५. फेज ई. कोलाय जिवाणूवर चिकटू दिले, मग वॉरिंग ब्लेंडरमध्ये घुसळले. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचाच भाऊ. पेशी न फुटता बाहेर लटकलेली टरफले निघाली. सल्फरचा सुमारे ८० टक्के भाग सुटला, फॉस्फरसचा बहुतांश पेशींबरोबर राहिला. नव्या फेजमध्ये जुन्याचा ३० टक्के किंवा अधिक फॉस्फरस आला, सल्फर १ टक्क्याहून कमी.

विद्यार्थ्यांना दोन्ही प्रयोगांची तुलना करायला सांगितली. पेशींबरोबर उरलेले २० टक्के सल्फर म्हणजे एव्हरींच्या भेसळीहून कितीतरी जास्त. शुद्धतेच्या कसोटीवर १९४४ चे काम सरस. तरी पटकन पटला तो १९५२ चा प्रयोग. एक कारण तक्त्यावर लिहिले: मधल्या आठ वर्षांत हॉचकिस, शारगाफ आणि पेशीतल्या डीएनएची मात्रा मोजणारे बुआवँ व वाँद्रेली यांनी जमीन तयार केली होती. हर्षीला १९६९ मध्ये नोबेल मिळाले. एव्हरी १९५५ मध्ये वारले, नोबेलविना. आम्हाला हे आजही बोचते.

२४ फेब्रुवारी
येणाऱ्यांना समोर करून दाखवायचा प्रयोग. मटणाच्या दुकानात बकऱ्याची तिल्ली मागायची, ताजी, बर्फात आणायची. २० ग्रॅम तिल्ली, १०० मिलि थंड पाणी, मीठ ६ ग्रॅम, सोडियम सायट्रेट १ ग्रॅम (तिल्लीतला डीएनएज झोपवायला). मिक्सरला पाच सेकंदांचे तीन झटके, जास्त नाही. मलमलीतून गाळून भांडी घासायचे लिक्विड १० मिलि, हलक्या हाताने, फेस न आणता. नंतर अर्ध्या भागात कच्च्या पपईचा चीक चिमूटभर, १० मिनिटे. मटण मऊ व्हायला घरोघरी पपई लावतात ती याच पपेनसाठी. वरून दुप्पट थंड अल्कोहोल.

पपई घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही ग्लासांत तंतू येतात. पपईच्या ग्लासात ते अधिक पांढरे आणि काचकांडीला सुटसुटीत गुंडाळणारे आले. दुसऱ्यात प्रथिनांचा गुलाबी गोळा चिकटला. पपई घालून २० मिनिटांवर ठेवले तर तंतू तुटके येतात, चिकात इतरही विकरे असतात. म्हणून दहाच मिनिटे. फलकावर 'शुद्ध डीएनए' लिहायचे नाही. यात आरएनए आहे, थोडे प्रथिनही आहे. 'डीएनएचे तंतू' एवढेच.

२७ फेब्रुवारी
मांडणी झाली. १० तारखेच्या प्लेटा झाकण पॅराफिल्मने बंद करून, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या क्रमाने. २१ जानेवारीची अकरा वसाहतींची प्लेटही तिथेच ठेवली, ग्रिफिथच्या तक्त्याखाली, कारण सांगणाऱ्या चिठ्ठीसह. प्रदर्शनानंतर सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर नेहमीच्या १५ नव्हे तर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करायच्या. पिशवीच्या मधोमध वाफ पोहोचायला तेवढा वेळ लागतो, आणि यांच्यात बीजाणू आहेत.